छेदात कोण आहे? आरोग्य धोरण विभागातले दिवस

अर्धविराम

आरोग्य धोरण आणि प्रशासन या विषयात पीएचडी करतेय म्हटलं, की समोरचा माणूस हमखास बाही वर सरकवतो. "हा चट्टा जरा बघ ना, महिना झाला." मी डॉक्टर नाही हे कळलं की बाही खाली येते, आणि चेहराही पडतो. मग "म्हणजे नक्की करता काय?" तीन वर्षांत या प्रश्नाला मला एक धड वाक्य जमलेलं नाही, म्हणून हा धागा. याच गोतावळ्यातले आणखी कोणी असतील तर लिहा. दिवस कसे जातात, काय खुपतं, कशात मजा येते.

सुरुवात माझ्यापासून. आमच्या मजल्यावर ओळीने बसणारी माणसं पाहिली तर कोणालाही वाटेल की खोल्यांच्या पाट्या चुकल्यात. एक अर्थतज्ज्ञ, वॉर्डात पाय ठेवला तो फक्त स्वतःच्या अपेंडिक्सच्या वेळी. त्यांच्या शेजारी वीस वर्षं नर्सिंग करून आलेल्या बाई. पुढे एक राज्यशास्त्रवाले, कुठल्याही धोरणाबद्दल त्यांचा पहिला प्रश्न, "यात कोणाचं नुकसान झालं आणि ते गप्प का बसले?" टोकाला एक वकील. 'परिणाम' हा शब्द हे चौघं चार अर्थांनी वापरतात आणि आमच्या मीटिंगा लांबतात त्या त्यामुळे.

आपण कुठे येऊन पडलोय हे मला कळलं ते पहिल्या वर्षीच्या एका सेमिनारमध्ये. बाहेरून आलेल्या वक्त्याने आलेख दाखवला. एका रुग्णालयातलं मृत्यूचं प्रमाण चार वर्षांत झरझर उतरलेलं. सगळे माना डोलावताहेत. मागच्या रांगेतून आमचे निवृत्तीला टेकलेले सर म्हणाले, "छेदात कोण आहे?" भरती झालेले सगळे. "आणि अंशात?" रुग्णालयात मरण पावलेले. "मग इथून हलवल्यावर दुसऱ्या दिवशी गेला, तो कुठे धरलात?" वक्ता थांबला. त्याच काळात तिथे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांना शुश्रूषागृहात पाठवायला सुरुवात झाली होती. माणसं जात होतीच, फक्त दुसऱ्या पत्त्यावर. पुढे त्याने भरतीपासून ३० दिवसांतले सगळे मृत्यू, मग ते कुठेही होवोत, असे मोजून पाहिले. आलेख जवळजवळ सपाट.

सध्या माझं मुख्य काम वाट पाहणे. डिस्चार्ज दिवसाच्या कुठल्या वेळी मिळाला यावर रुग्ण परत भरती होण्याचं प्रमाण बदलतं का, हा माझा विषय. डेटासाठी अर्ज करून नऊ महिने झाले. एथिक्स कमिटीची मंजुरी, विद्यापीठाच्या कायदा विभागाची सही, डेटा देणाऱ्यांची सही, आणि मग पुन्हा कायदा विभाग, कारण मधल्या काळात कराराचा नमुना बदलला. गाईड भेटले की म्हणतात, "तोवर वाचून घे." वाचून झालं हो.

भाबडा_प्रश्न

मी या क्षेत्रातला नाही, रागावू नका. चांगले डॉक्टर हवेत आणि पुरेसा पैसा हवा. मधे हा विभाग कशाला?

तापमापी

@भाबडा_प्रश्न, रागावत नाही. सहा वर्षं डॉक्टरकी केली तेव्हा मीही हेच म्हणत होते. मग एका रात्रपाळीत एक आजोबा महिन्यात तिसऱ्यांदा आले. तोच दम लागलेला, त्याच सुजलेल्या पायांनी. आधीच्या दोन्ही वेळी मी स्वतः त्यांना नीट बरं करून घरी पाठवलं होतं. माझ्या बाजूने काहीच चुकलं नव्हतं आणि तरी ते परत आले होते. ते कुठे चुकलं हे शोधायला मी या विभागात मास्टर्सला आले.

पहिल्याच आठवड्यात अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांचा १९६३ चा लेख वाचायला लावला. मुद्दा साधाच. आजारी माणसाला आपण काय विकत घेतोय हे कळत नाही, किती घ्यायचं ते विकणाराच ठरवतो, आणि गरज कधी उपटेल ते दोघांनाही ठाऊक नसतं. त्यामुळे नेहमीच्या बाजाराचे नियम इथे लंगडे पडतात. म्हटलं, हे तर माझ्या ओपीडीत रोज घडतं, यात शोध काय?

दुसऱ्या आठवड्यात मात्र राग आला. जॉन वेनबर्ग आणि ॲलन गिटलसन यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याची पाहणी छापली. शेजारशेजारच्या भागांत राहणारी, एकसारखीच माणसं, पण टॉन्सिल काढण्याचं प्रमाण एकीकडे दुसरीपेक्षा कित्येक पटींनी जास्त. आजार तेवढा जास्त नव्हता, डॉक्टरांच्या सवयी वेगळ्या होत्या. वर्गात मी हात वर करून तावातावाने म्हटलं की प्रत्येक पेशंट वेगळा असतो, हे क्लिनिकल जजमेंट आहे. बाई शांतपणे म्हणाल्या, "जजमेंटला तालुक्याची हद्द कशी कळते?" त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे आजही फारसं नाही.

चांगले डॉक्टर आणि पैसा हे दोन्ही असताना गरज नसलेल्या टॉन्सिली निघतात, आणि ते आजोबा तिसऱ्यांदा येतात. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्येच लिहून ठेवलंय की चांगली वैद्यकीय सेवा जिथे जास्त गरज तिथे कमी असते, आणि सेवेवर बाजाराचं राज्य जितकं जास्त तितकं हे जास्त. विभाग मधे कशाला, तर यासाठी.

वक्ररेषा

वाचतोय. छेदाचा किस्सा जबरी.

मी त्या अपेंडिक्सवाल्या अर्थतज्ज्ञांच्या जमातीतला. आमच्याकडे दर शुक्रवारी एका जुन्या शोधनिबंधाची चिरफाड असते. एकदा दोन प्रयोग शेजारी ठेवले होते. पहिला रँड या अमेरिकी संशोधन संस्थेचा, १९७४ ते १९८२. अमेरिकेतल्या हजारो माणसांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वेगवेगळे विमे वाटून दिले. कोणाला उपचार फुकट, कोणाला खर्चाचा २५ टक्के भार, कोणाला ५०, कोणाला ९५, वर्षाला एका मर्यादेपर्यंत. ९५ टक्केवाल्यांवरचा खर्च फुकटवाल्यांपेक्षा साधारण ३० टक्क्यांनी कमी झाला आणि सरासरी माणसाच्या तब्येतीत फारसा फरक दिसला नाही. आमच्या बाजूची मंडळी इथे थांबतात. पण लोकांनी नको ते उपचार आणि हवे ते उपचार सारखेच कापले होते, आणि गरिबांतल्या रक्तदाबाच्या रुग्णांना फुकट उपचारांचा फायदा दिसला होता. ही ओळ भाषणात गळते.

दुसरा अमेरिकेतल्याच ओरेगन राज्याचा. २००८ मध्ये तिथल्या सरकारी विम्यात साधारण १०,००० जागा होत्या आणि इच्छुक जवळपास ९०,०००. त्यांनी सोडत काढली. सरकारची अडचण, संशोधकांची दिवाळी (हलके घ्या). दोन वर्षांनी पाहिलं तर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर यांत म्हणण्याजोगा फरक नाही. नैराश्य मात्र कमी झालं होतं आणि आजारपणाच्या खर्चाने कंबरडं मोडायचं प्रमाण जवळजवळ संपलं होतं. आमच्या खोलीत दोन तट पडले. एक म्हणे विम्याने तब्येत सुधारली नाही, पैसा वाया. दुसरा म्हणे विमा हा मुळात आर्थिक आघातापासून वाचवायलाच असतो आणि त्याने ते केलं. तक्ता एकच. दीड तास भांडण. नर्सिंगवाल्या बाई उठताना म्हणाल्या, "रात्री झोप लागणं हे तुमच्यात आरोग्यात धरत नाहीत का?"

@तापमापी, ॲरोंचा लेख तुम्हाला 'यात शोध काय' वाटला हे वाचून गंमत वाटली. आम्हाला तो वाचून रुग्णालय प्रथमच दिसलं होतं.

तापमापी

@वक्ररेषा, बघा म्हणजे. :)

खाटमोजणी

विभागाचं नाव 'आरोग्य धोरण आणि प्रशासन', आणि धाग्याच्या शीर्षकातूनच प्रशासन गळालंय. आमचं दुखणं हेच.

मी रुग्णालयांचा कारभार बघत आयुष्य काढलं, आता शिकवतो. आमचे प्रशासनाचे विद्यार्थी इस्त्रीच्या कपड्यांत येतात, धोरणाचे पीएचडीवाले कालच्याच स्वेटरमध्ये, आणि दोघं लिफ्टमध्येही एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे दरवर्षी मी दोघांना जोडीने वॉर्डात पाठवतो. हातात वही आणि घड्याळ. एकच रुग्ण धरायचा. राउंडला डॉक्टर "आज घरी" म्हणाले तिथपासून ते खाट पुढच्या माणसासाठी तयार झाली तिथपर्यंत.

एका जोडीची वही माझ्याकडे अजून आहे. ९:१० ला "आज घरी". १०:४० ला ज्युनियर डॉक्टर समरी लिहायला बसले, दोन ओळी झाल्या आणि बोलावणं आलं. १२:२५ समरी पुरी. १:०५ फार्मसीतून औषधं आली, एक गोळी नाही. २:३० ती गोळी आली. रुग्ण कपडे बदलून खाटेच्या कडेवर बसलेला, पिशवी मांडीवर. मुलगा काम सुटल्यावर न्यायला येणार. ४:५० मुलगा आला. ५:३५ चादर बदलून खाट तयार. आणि खाली कॅज्युअल्टीत एक गृहस्थ अकरापासून स्ट्रेचरवर, वर खाट नाही म्हणून.

अशा ठिकाणी नव्या खाटांची मागणी येते. मिल्टन रोमर यांचं जुनं निरीक्षण आहे की विम्याने पैसे मिळत असतील तर बांधलेली खाट भरतेच. त्यामुळे नव्या खाटाही भरतात आणि स्ट्रेचर तिथेच राहतं. त्या वॉर्डात नंतर एवढंच केलं की उद्या जाणाऱ्यांची समरी आणि औषधांची यादी आदल्या दुपारी करायची. सगळ्यांना पटलं, आणि पहिले तीन आठवडे कोणी केलं नाही. मग हेड सिस्टरनी संध्याकाळच्या ड्यूटी बदलाच्या वहीत त्यासाठी एक रकाना आखला, तेव्हा सुरू झालं.

अवांतर: पैसे देण्याची पद्धत बदलली की रुग्णालय कसं बदलतं हे बघायचं असेल तर डीआरजी (डायग्नोसिस रिलेटेड ग्रुप्स, म्हणजे आजारानुसार पाडलेले रुग्णांचे गट) वाचा. येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्प्सन यांनी रुग्णांचे गट पाडायची ही पद्धत काढली ती रुग्णालय नेमकं काय 'तयार करतं' हे समजून घ्यायला. १९८३ पासून अमेरिकेच्या मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विम्याने, तिच्यावरच पैसे द्यायला सुरुवात केली. दिवसांवर नाही, आजाराच्या गटावर ठरलेली रक्कम. लोकांचे रुग्णालयातले दिवस लगेच कमी झाले. मोजपट्टी केली होती समजायला, आणि झाली लगाम.

आणि @अर्धविराम, तुमच्या विषयावरून एक सांगतो. फाईलमधली वेळ ही घडल्याची नसते, लिहिल्याची असते. ध्यानात असू द्या.

जोडणीवाली

मी विद्यार्थी नाही, प्राध्यापक नाही. विभागाच्या फोटोत नसते, पण शोधनिबंधातला प्रत्येक तक्ता आधी माझ्या स्क्रीनवर असतो. एका रुग्णाच्या पंधरा फाइलींतल्या नोंदी एकमेकींना जोडणं हे माझं काम.

चूक सांगते, माझीच. ३० दिवसांत परत भरती होणाऱ्यांचं प्रमाण काढायचं होतं. कोड सरळ होता. डिस्चार्जची तारीख घ्या, त्याच माणसाची पुढची भरती ३० दिवसांच्या आत असेल तर १, नाहीतर ०. आकडा अपेक्षेपेक्षा बराच वर आला. सगळे खूश, कारण जितका मोठा प्रश्न तितका मोठा निबंध. परिषदेला सारांश गेला. मला मात्र झोप येईना, म्हणून एका संध्याकाळी नुसत्या ओळी वाचत बसले. सरासरी नाही, आलेख नाही, एकेक ओळ. एक ८१ वर्षांच्या आजी. डिस्चार्ज सकाळी ११:००. पुढची भरती त्याच दिवशी ११:४०. चाळीस मिनिटांत आजी घरी जाऊन परत आल्या? दुसरी भरती दुसऱ्या रुग्णालयात होती. पहिल्या ठिकाणी हृदयाची शस्त्रक्रिया होत नव्हती म्हणून त्यांना ॲम्ब्युलन्सने हलवलं होतं. घरी त्या गेल्याच नव्हत्या. अशा सगळ्या बदल्या मी 'परत भरती' म्हणून मोजल्या होत्या.

सांगायला गेले तर एक सहलेखक म्हणाले, "पण दिशा तर तीच आहे ना?" दिशा तीच होती. उंची नव्हती. गाईडबाईंनी सारांश मागे घेतला, मला शब्दाने बोलल्या नाहीत. ते न बोलणं बोलण्यापेक्षा जड होतं, खरं सांगायचं तर. तेव्हापासून कुठलाही आकडा बाहेर जाण्याआधी मी शंभर ओळी डोळ्यांनी वाचते. नवीन मुलं हसतात.

रच्याकने, वर मेडिकेअरचा विषय निघालाय म्हणून. त्यांचा डेटा वापरलात तर १ ते १० यांतला कुठलाही रुग्णांचा आकडा तक्त्यात छापता येत नाही, माणूस ओळखू येऊ नये म्हणून. तो एक चौकोन झाकून भागत नाही. बेरीज दिलेली असली तर वजाबाकी करून कोणीही काढेल, म्हणून शेजारचा निर्दोष चौकोनही झाकावा लागतो. माझे कितीतरी दिवस कुठला निष्पाप आकडा बळी द्यायचा हे ठरवण्यात गेलेत.

वक्ररेषा

'दिशा तर तीच आहे ना' हे वाक्य विभागाच्या दारावर लावायला हवं. धोक्याची पाटी म्हणून.

तुमच्या आजींवरून २०१९ चा ओबरमायर आणि सहकाऱ्यांचा निबंध आठवला. अमेरिकेत जास्त देखभालीची गरज कोणाला आहे हे ओळखणारी एक प्रणाली वापरात होती. ती आजार मोजत नव्हती, उपचारांवर होऊ घातलेला खर्च मोजत होती, कारण खर्च नोंदीत तयार मिळतो. कृष्णवर्णीयांवर तेवढ्याच आजाराला कमी खर्च होत आलेला, म्हणून प्रणालीच्या मते ते कमी आजारी. मोजपट्टी बदलली असती तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत त्यांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेलं असतं. कोड बरोबर, गणित बरोबर, फक्त मोजलं भलतंच.

एकपानी

मी हे सगळं सोडून धोरण ठरवणाऱ्यांच्या कार्यालयात गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. विभागात सहा वर्षं होते. तिथलं कौतुक वाचून बरं वाटलं, पण दुसरी बाजूही लिहिते.

माझा प्रबंध जाडजूड. नव्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात साहेब म्हणाले, एका पानात द्या. मी दोन पानं दिली, मागचं कोरं करून परत आली. एका पानात पद्धत बसत नाही, मर्यादा बसत नाहीत, 'पुढील संशोधनाची गरज आहे' हे तर मुळीच बसत नाही. बसतं एवढंच: काय करायचं, किती लागतील, कोण ओरडेल. आमच्या विभागात यातला तिसरा प्रश्न फक्त राज्यशास्त्रवाले विचारायचे आणि आम्ही त्यांना गमतीत घ्यायचो. त्यांची मी मनोमन माफी मागितलेली आहे.

दुसरं म्हणजे वेळ. जॉन किंगडन यांनी १९८४ मध्ये मांडलं होतं की अडचण, तोडगा आणि राजकारण हे तीन प्रवाह आपापले वाहत असतात, क्वचित एकत्र येतात, तेव्हा धोरण बदलायची खिडकी उघडते. वर्गात हे मला फारच गोंडस वाटलं होतं. मग एक टिपण पाच वर्षं माझ्या कपाटात पडून राहिलं आणि एका संध्याकाळी सहा वाजता फोन आला, उद्या सकाळी नऊपर्यंत हवंय. ज्याच्याकडे लिहून तयार असतं त्याचं जातं, सगळ्यात चांगलं असतं त्याचं जातंच असं नाही. ब्रिटनमध्ये सर्वांसाठी आरोग्य सेवा हवी म्हणणारा बेव्हरिज अहवाल डिसेंबर १९४२ चा आणि त्यांची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली ५ जुलै १९४८ ला. मधे महायुद्ध संपलं आणि सरकार बदललं.

@अर्धविराम, नऊ महिन्यांचा वैताग समजतो. पण त्या नऊ महिन्यांत एक पान लिहून बघा, निष्कर्ष कुठलाही आला तरी कोणाला काय सांगाल ते. अर्धे विषय त्या पानावरच कोसळतात.

भाबडा_प्रश्न

मी प्रश्न मागे घेतो. ते तिसऱ्यांदा आलेले आजोबा, त्यांचं काय निघालं शेवटी?

तापमापी

औषधं घरी होती. पण डिस्चार्जच्या कागदावर नवी यादी होती आणि घरात जुन्या गोळ्यांची पाकिटं. ते दोन्ही घेत होते, शिवाय लघवीला सारखं जावं लागतं म्हणून त्यातली एक स्वतःच बंद केली होती, नेमकी जी चुकवायला नको होती ती. हे मला विभागात गेल्यावर कळलं नाही. त्याच रात्री त्यांच्या सुनेने पिशवी पलंगावर उपडी केली तेव्हा कळलं. विभागात गेल्यावर एवढंच कळलं की पिशवी उपडी करून बघण्याचं काम कोणाच्याच नोकरीत लिहिलेलं नाही.

खाटमोजणी

+१. अगदी हेच.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार, आणि बातमी. डेटा आला! कुलूपबंद ड्राइव्ह एका पाकिटातून, पासवर्ड दुसऱ्या पाकिटातून, आणि दुसरं पाकीट आधी आलं.

@जोडणीवाली यांचं ऐकून काहीही चालवण्याआधी शंभर ओळी वाचायला बसले. डिस्चार्जची वेळ: १२:००. १२:००. १२:००. मधेच एक ३:४७. मग पुन्हा १२:००. माझा अख्खा विषय त्या एका रकान्यावर उभा आहे.

खाटमोजणी

म्हणूनच म्हटलं होतं. वेळ भरली नाही तर बऱ्याच सिस्टिम आपण होऊन एक ठरावीक वेळ घालतात. तेवढे सगळे भर दुपारी बाराला घरी गेले असते तर दारात चेंगराचेंगरी झाली असती.

जोडणीवाली

घाबरू नका. रुग्णालयवार वेगळं काढा. काही ठिकाणी सगळंच १२:०० असेल, काही ठिकाणी मिनिटं पसरलेली असतील. ती ठेवा. मग मिनिटांचा शेवटचा अंक बघा. सगळीकडे ० आणि ५ च असतील तर कोणीतरी संध्याकाळी बसून अंदाजाने भरलंय. ७ आणि ३ दिसायला हवेत. आणि हे प्रबंधात स्वतंत्र प्रकरण म्हणून लिहा, परिशिष्टात ढकलू नका.

अर्धविराम

केलं. भरवशाची तीन रुग्णालयं उरली. तिन्ही मोठी, त्यामुळे छेदात आता फक्त मोठ्या रुग्णालयांतली माणसं, आणि मागच्या रांगेतले सर तेच विचारणार. सोमवारी गाईडना भेटते. लहान रुग्णालयांपैकी एकाने वॉर्डात बसू द्यायची तयारी दाखवलीय. खाटमोजणीकाका, तुमच्या त्या वहीतले रकाने कसे आखता, ते सांगाल का?

खाटमोजणी

चार रकाने. वेळ, काय झालं, कोणी केलं, आणि या क्षणी कोण कोणासाठी थांबलंय. चौथा रकाना सगळे रिकामा सोडतात, तो भरायचाच. पेन्सिल न्या, दोन-तीन. वॉर्डात पेन कोणाकडे टिकत नाही, तुमचंही टिकणार नाही.